चुन्याची फुली

एकतीस सेंटिमीटर.
रात्री ग्रामपंचायतीच्या खोलीत लॅपटॉपवर हा आकडा उमटला
आणि पंख्यासकट लाइट गेली.

मोजायची होती जांबढोण्याची पांदण.
नकाशात अठरा फूट; चालून बघितली तर कुठे बारा, कुठे आठ,
दोन्ही बाजूंनी नांगर दरवर्षी एकेक तास आत सरकलेला.
ड्रोननं सहाशे बारा फोटो काढले,
प्रत्येकात शेजारच्या फोटोचा ऐंशी टक्के भाग,
आणि तरी एकतीस.
म्हणजे पुढच्या खरिपात कुणाची तरी एक ओळ
माझ्या चुकीत पेरली जाणार.

सकाळी उकंडाजी ठवरे आला,
भूमापनात तीस वर्षं साखळी ओढलेला.
माझ्या फुलीजवळ उकिडवा बसला. चुना, मधोमध खिळा.
बाजूच्या भेगेत त्यानं हात घातला,
मनगटापर्यंत गेला.
"मॅडम, हे कायी माती. उन्हायात आंग चोरते,
पावसायात फुगते. इच्यात खुटा गाडला
तं खुटा इच्या मनानं चालते."

बिंदू मोजलेला फेब्रुवारीत, ड्रोन उडवलं एप्रिलात.
मधल्या उन्हाचा हिशेब मी कुठेच मांडला नव्हता.

मातीचे त्यातले चार-पाच असतील.
बाकीचे माझे. शोधत गेले.
एका फुलीवर शेळी बसलेली, फोटोत नीट दिसते,
आणि मी अंदाजानं
शेळीच्या पाठीवर बिंदू टिचकवलेला.
सगळे फोटो सरळ खाली बघणारे,
म्हणून मॉडेल मध्यात फुगलं, पालथ्या परातीसारखं.
नुसतं वरून बघितलं की जमीन असं करते.
(उपग्रहाचं शून्य आणि समुद्राचं शून्य
इथे साठ-सत्तर मीटर लांब राहतात.
तेवढं मात्र आधीच पकडलं होतं.)

मग नव्या फुल्या.
विहिरीच्या बांधीव काठावर, शाळेच्या ओट्यावर,
नाल्यातल्या खडकावर,
आणि उकंडाजीनं बोरीच्या जाळीतून हुडकलेल्या
हद्दीच्या जुन्या दगडावर.
त्याला कुणीतरी शेंदूर लावलेला.
फुली काढू का, मी विचारलं.
"काढा नं. देव हाये म्हणून नाई सांगत,
तो हालत नाई म्हणून सांगतो."

दोन फेऱ्या कॅमेरा तिरका करून.
तीन बिंदू संगणकाला सांगितलेच नाहीत,
माहीत असून गप्प बसले,
तो आपल्या आपण कुठे पोचतो ते बघायला.

चार.

चार म्हणजे केवढं, उकंडाजीनं विचारलं.
धुऱ्यावरच्या हराळीत मी दोन बोटं टेकवली.
त्यानं शेजारी आपली दोन ठेवली, जाड, चिरलेली,
माझ्यापेक्षा चांगली सेंटिमीटरभर रुंद.
बराच वेळ बघत राहिला.
"येवढं गवताचं," म्हणाला,
आणि बोटं धोतराला पुसून उठला.