कोमट

पारोळ्याच्या दवाखान्यात माझे वडील कंपाउंडर,
सुपडू आप्पा.
पुड्या बांधायचे, आणि प्रत्येक पुडीवर
निळ्या शाईत एकच ओळ:
कोमट पाण्यासोबत.
त्या ओळीवर मी अक्षरं गिरवली.
त्यांचा ट जरा कलंडलेला यायचा,
कान देऊन कुणाचं ऐकत असल्यासारखा.

पुढे एरंडोलची आत्या निरोप घेऊन आली.
मुलाकडून होकार आहे, म्हणाली,
पण कोमट.
आई भाकरी थापत होती, थांबली नाही,
फक्त ती भाकरी जरा मोठी झाली.
तेव्हा कळलं, हा शब्द पुडीवरून उतरून
माणसांतही येतो,
आणि येताना तोंड पाडून येतो.
कोमट स्वागत. कोमट टाळ्या.
म्हणजे कुणीतरी तापायला निघालं होतं
आणि वाटेत कंटाळलं.

लग्न झालं. दीपनगरला क्वार्टर मिळालं.
लोटनराव बॉयलरवर.
आठ तास काचेतून आगीकडे बघायचं
आणि घरी येऊन चहा पुढ्यात ठेवून बसायचं
साय धरेपर्यंत.
निवला, मी म्हणायची.
आता आला, ते म्हणायचे.
पहिल्या वर्षातलं दुसरं बोलणं
मला खरंच आठवत नाही.

सासूबाईंनी विरजण लावायला शिकवलं.
दुधात करंगळी बुडवून म्हणाल्या,
बोट राहस तितलंच.
वर गयं ते फाटी जास,
खाले ऱ्हायनं ते दूधनं दूध.
मी करंगळी घातली, भाजली,
त्या हसल्या, आणि माझी करंगळी
पदरात धरून बसल्या थोडा वेळ.

मुलगी झाली मे महिन्यात.
गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चार वाजता
चहा टाकावा असं यायचं.
बाळाच्या आंघोळीची बादली दुपारीच भरून ठेवायची
आणि हात लावायचा नाही.
सूर्य गेला, कोपर बुडवलं. अजून नाही.
दिवे लागले. अजून नाही.
तापीकडून कधी येते म्हणतात ती झुळूक
त्या दिवशीही आली नाही.
साडेनऊला ते ड्युटीवरून आले,
बाही वर केली, कोपर घातलं,
बराच वेळ तसंच ठेवलं.
आता, म्हणाले.

त्या रात्री ओल्या टॉवेलात लेक घेऊन बसले असताना
एवढंच मनात आलं,
की बाकीच्या गावांत पाणी कोमट करतात.
आमच्याकडे ते कोमट होतं.
शब्दकोशात मी पुढे पाहिलं: किंचित गरम.
किंचित आधी होतं की किंचित उरलं,
ते दिलेलं नाही.

आप्पा गेले तेव्हा पेटीत कोऱ्या पुड्यांचा गठ्ठा निघाला,
ओळ आधीच लिहून ठेवलेल्या.
औषध नव्हतं कशातच.
मी दोन आणल्या. कुठे ठेवल्या, सापडत नाहीत.

परवा लेकीचा फोन, पुण्याहून.
तो मुलगा, ऑफिसातला,
विचारतोय म्हणाली.
मग तू?
मी काय, मी कोमट.
मी विचारलं, वरून उतरतेयस की खालून चढतेयस?
ती हसली. मग बोलेना.
लोटनरावांनी पेपरातून डोकं वर काढलं.
त्यांच्या कपावर साय यायला लागली होती.
मी फोन कानाला तसाच धरून ठेवला,
घाई कुणालाच नव्हती.