कानोसा

जावयानं गेंटहून आणली ती डबी,
पांढरी, साबणाच्या वडीएवढी.
मागच्या खोलीतल्या सॉकेटात खोचली,
जिथं आशिएलचे फिंच असतात
आणि त्यांच्या दाण्यांची पोती.
"उंदीर पळतील," म्हणाला,
"आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही."

खरंच लागला नाही.
एक हिरवा दिवा तेवढा लुकलुकायचा.

मग रविवार आला.
सकाळी सातला आमच्या गल्लीत
लाकडी खोक्यांची रांग लागली,
प्रत्येक खोक्यात एक फिंच, समोर स्टुलावर एक माणूस,
हातात खडू, पुढ्यात काळी लांब काठी.
पक्ष्यानं सुस्केविट म्हटलं की एक रेघ.
तासभर. बाकी कुणी खोकायचंसुद्धा नाही.

आमच्या तिबूरच्या मे महिन्यात सहाशे चाळीस.
त्या दिवशी दोनशे बारा.

आशिएल घरी आला तो काठी न पुसताच.
काठी भिंतीला टेकवली
आणि त्या डबीकडे पाहत राहिला,
चोराकडे पाहावं तसा.
"तो आवाज. पोखरतोय त्याला तो आवाज."
"कुठला आवाज?" मी म्हटलं.
"आपल्याला येत नाही तो."

डॉक्टर लिस्बेथ तरुण आहे, नखं कापलेली, बोलणं तुटक.
तिनं तिबूरला मुठीत धरलं,
छातीवरची पिसं फुंकरीनं बाजूला केली.
म्हणाली, पक्ष्याचा कान एवढ्या उंच चढतच नाही.
आपलाही त्याच्यापेक्षा वर जातो.
हॅमस्टर असता तर मी म्हटलं असतं, आजच काढा.
पण स्वस्तातल्या डब्या खालच्या पट्टीतही किरकिरतात,
आणि तो दिवा रात्रभर डोळ्यांवर.
शिवाय जुलै आहे, मसिए आशिएल.
जुलैत फिंच गप्प होतातच.

जुलै. चाळीस वर्षं पक्षी पाळणाऱ्याला
हे दुसऱ्या कुणी सांगावं लागलं.
येताना गाडीत तो एक शब्द बोलला नाही.

शनिवारी नात आली राहायला. फेना, नऊ वर्षांची.
मागच्या खोलीच्या उंबऱ्यावरच थबकली,
दोन्ही तळवे कानांवर.
"आजी, हे काय वाजतंय?"
"काही नाही गं."
"वाजतंय. सुईसारखं. इथून."
आणि बरोबर बोट ठेवलं डबीवर.

आशिएलनं डबी उपटली.
फेनानं हात खाली घेतले.
पुन्हा खोचली, तिचे हात पुन्हा वर.
तीनदा केलं त्यानं तसं, लहान मुलासारखं,
चौथ्यांदा मी ओरडले.

डबीमागे पोतं सरकवलं तर
कोपऱ्यात घरटं. दाण्यांची टरफलं, आशिएलच्या मोज्याची लोकर,
आणि पाच गुलाबी पिल्लं, शेंगदाण्याएवढी.
अगदी त्या सुईच्या तोंडाशी, उबेला.
कशाचीही सवय होते, असं दिसतं.
पिल्लांचं काय केलं ते मी लिहिणार नाही.
दाणे आता पत्र्याच्या डब्यांत असतात, झाकण घट्ट.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नाही,
लिस्बेथलाही नाही, जरी तिनं सहज विचारलं होतं,
"तुम्हाला काय वाटतं, मदाम, कमी गातोय का?"

दोन वर्षं झाली.
मला तिबूरचा गळा हललेला दिसतो,
चोच उघडते, पिसं थरथरतात,
शेवटचा तो वळसा, जिथं आशिएल हसतो,
तिथं मी हसते. त्याच्याकडे बघून.
किती झाले ते मी काठीवर मोजते.

काल संध्याकाळी फेना पिंजऱ्यापाशी बसली होती.
मी म्हटलं, "काय म्हणतोय गं?"
तिनं माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ.
मग खुर्ची ओढून जवळ आली,
माझा हात घेतला,
आणि तळव्यावर बोटानं
एक रेघ ओढली.
थांबली.
दुसरी.