चौदा नंबर

एकोणचाळीस हिवाळे बुलंगारी क्लबच्या जर्सी मी धुतल्या.
शनिवारी रात्री उशिरा ओसरीवर धप्प आवाज व्हायचा.
गोण. आत अठरा, वर दोन राखीव खेळाडूंच्या,
सगळ्या लोकरीच्या, भिजल्या मेंढीएवढ्या जड.
मला फुटबॉल जो काही कळला, तो चिखलावरून.

गव्हाच्या कोठाराकडचा चिखल तांबडा.
गुरांच्या बाजाराकडचा काळा, त्याला वास.
सोमवारी नवरा विचारायचा, क्लाइव्ह कसा खेळला?
पाठ कोरडी, पोट कोरडं, मी सांगायचे,
उभ्या उभ्या बघत होता.
क्लाइव्ह ओट्स पुढे मला पाहून रस्ता ओलांडू लागला.

आमचा रंग तपकिरी आणि पांढरा.
क्लबच्या शंभरीला पाहुण्याने त्यात माती आणि निष्ठा शोधली.
खरं तर एकोणीसशे नऊ साली ट्रेगिलगसच्या दुकानात
तेवढाच रंग उरला होता.
टिटव्या हे नाव मात्र आम्हाला दुसऱ्यांनी दिलं:
मैदानाच्या मधोमध अंडी घालणारा, आणि कुणी जवळ आलं
की डोक्यावर झेप घेणारा तो पक्षी.
शिवी म्हणून दिलं होतं. आम्ही छातीवर शिवून घेतलं.

पहिल्या युद्धात सोळा जण गेले, परतले नऊ.
हे सासूने सांगितलं, साबणाची पाटी हातात देताना,
जणू धुण्याच्या सूचनांपैकीच एक.
एकतीस साली पहिलं अजिंक्यपद.
चोपन्न, पंचावन्न लागोपाठ.
पंचावन्नच्या रात्री कुणीतरी चषकातून बिअर कुत्र्याला पाजली
आणि कुत्रा सोमवारपर्यंत चर्चच्या पायरीवर झोपला.
ते मात्र सोन्याच्या अक्षरांत पाटीवर लिहिलेलं नाही.

मग सदुसष्ट.
डनमॅलक अकरा गोल, दहा बिहाइंड.
आम्ही अकरा आणि आठ, शेवटचं मिनिट,
कुंपणाला लावलेल्या गाड्यांचे हॉर्न एकदम गप्प.
लॉर्न पॅस्कोने चेंडू उडवला.
दोन उंच खांब, दोन बुटके,
खास अंतिम सामन्यासाठी सकाळीच रंगवलेले.
उंच खांबाला चेंडू चाटला.
पांढऱ्या कोटातल्या माणसाने दोन बोटं दाखवायची,
तिथे एकच दाखवलं.
पंच्याहत्तर विरुद्ध शहात्तर.
त्या पंचाचं नाव आमच्याकडे आजही कुणी मुलाला ठेवत नाही.

त्या रात्री गोणीत एकोणीसच निघाल्या.
चौदा नंबर सोमवारी लॉर्न स्वतः घेऊन आला,
घरी धुतलेली, नीट घडी घातलेली.
वाईट धुतली होती. मी काही बोलले नाही.
तो गेल्यावर पुन्हा भिजत घातली.

मोठी यंत्रं आली, शेतं एकमेकांत मिसळली,
शाळेत दोन वर्ग उरले, मग एक.
अठरा जण जमेनात.
शेवटी क्लबही मिसळला, आणि कुणात?
डनमॅलकमध्ये.
सही करताना आमच्या अध्यक्षाने पेन दोनदा झटकलं,
शाई येत असूनही.

नवी जर्सी तासात वाळते.
तिच्यावर चिखल ठरतच नाही, घसरून जातो.
धुवायला ती आता शहरातल्या यंत्रात जाते.
आमचं मैदान रिकामं. मधोमध टिटवी बसते,
आणि नगरपालिकेचा माणूस तेवढं गोल सोडून
गवत कापतो.

लॉर्न आता शहाऐंशीचा. गुरुवारी पत्ते खेळायला येतो.
खांब वाकडा होता, म्हणतो,
एकेका डावाला एकदा तरी.
मी पानं पिसत राहते.
त्याला ठाऊक नाही की साबणाला जे जमलं नव्हतं
ते मी टर्पेंटाइनने काढलं होतं:
डाव्या बाहीवर, कोपरापासून खांद्यापर्यंत,
पांढरा रंग.
नुसता धक्का लागून तसा लागत नाही.
खांबाला टेकून बराच वेळ
उभं राहावं लागतं.