पहिला पेला

नळी तासभर उभी ठेवली,
तरी वरचं पाणी निवळलं नाही.
पाण्यात ताक सांडावं, तसं.
लॅबमधल्या ओब्दुलिओनं ती खिडकीशी धरली
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
ट्रायग्लिसराइड सहाशे बारा.

क्रिएटिनिन आम्हाला पाठच होतं.
लेम्पा नदीच्या खालच्या अंगाला
तो आकडा घराच्या नंबरासारखा असतो,
शेजारी शेजाऱ्याला विचारतो: तुझा किती?
एकवीस हंगाम ऊस तोडला बापानं,
भर दुपारी, तहान मोळीखाली दाबून.
मूत्रपिंडं फडातच राहिली.

मामानं ह्यूस्टनहून गोळ्या पाठवल्या.
त्याच्याच, उरलेल्या. त्याला गुण आला होता.
बापानं बाटली खिशात ठेवली नाही,
मुठीतच धरून दवाखान्यात आला.

डॉक्टर अर्गेताबाईंनी लेबल दोनदा वाचलं.
"औषध वाईट नाही," म्हणाल्या,
"पण ते बाहेर पडतं मूत्रपिंडांच्या दारानं.
तुमचं दार पाव हिस्साही उघडं नाही.
आत कोंडेल. मग स्नायूंवर उठेल."
बाटली माझ्या हातात दिली.
मग विचारलं, दिवसभर पिता काय?

बाप गप्प.
मीच सांगितलं: मी रस्त्यावर सरबत विकते,
पिशवीत भरून, नळी खोचून.
चिंचेचं, जास्वंदीचं, तांदळाचं.
पहाटे प्रत्येक बादलीतला पहिला पेला बापाचा,
तो "हं" म्हणेल तेव्हा गाडा निघतो.
संध्याकाळी उरलेलंही त्याचंच.
साखर त्याच कारखान्याची.

बाई लिहीत होत्या, लिहायच्या थांबल्या.
साखर बंद. चिंचही नको, पोटॅशियम चढतं.
दारूचं नाव नको. मासा चालेल, तळहाताएवढा.
आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त,
औषधाचं तेव्हा बघू, मापानं.
तोवर पोटात वर कळ उठली, पाठीत गेली,
तर उजाडायची वाट बघू नका.

आज पहाटे बादली ढवळत होते.
बाप सवयीनं आला. हात पेल्याकडे गेला,
तिथेच राहिला.
मग तो वाकला, बादलीला कान लावला,
पळीखाली साखर किती करकरते ते ऐकलं.
"दीड मूठ कमी आहे."

मी चाखलं.
काहीच कमी नव्हतं.
"हो," म्हटलं, आणि गाडा काढला.