घेतलेल्या पाच बाटल्या

सांता रोसाहून पहाटे निघालो तेव्हा
गाडीत आम्ही सहा जण, एक ताडपत्री,
उकडलेली अकरा अंडी,
आणि दिराकडून मागून आणलेली छत्री,
जिची एक काडी आधीच मोडलेली होती.
ते सत्याऐंशीचं साल. जानेवारी. उन्हाळा ऐन भरात.
मुलांपैकी कुणीच समुद्र पाहिला नव्हता.
मी पाहिला होता म्हणे, सातव्या वर्षी, तापात.

पहिल्या तासाला भांडण खिडकीसाठी.
दुसऱ्या तासाला खिडकी कुणालाच नको,
ऊन तिकडूनच येतं म्हणून.
ग्रिसेल्दानं सीटवर खडूनं सीमा आखली,
ती दामिआनच्या घामेजल्या मांड्यांनी पुसून टाकली.
उलिसेस तारेचे खांब मोजत होता.
चारशे बाराव्या खांबाला अंडं ओकला,
तोंड पुसलं, आणि पुन्हा एकपासून.

रस्ता इतका सरळ
की एलादिओ म्हणाला, या गाडीला
स्टिअरिंग कशाला दिलंय कुणास ठाऊक.
दोन्हीकडे खुरटी काटेरी झुडपं,
मैलोन् मैल तीच, जणू आपण हललोच नाही.
नोएमी माझ्या मांडीवर. तिला दर तीस किलोमीटरला भूक.

मग गाडी कण्हली.
बॉनेटखालून वाफ, आणि मागून टाळ्या,
पोरांना वाटलं, बाबांनी काहीतरी गंमत केली.
पाण्याचा डबा उलटा केला तर कोरडा.
शेवटचा पेलाभर दामिआननं
मघाच्या थांब्यावर मुंग्यांना पाजला होता.
मागे-पुढे एक गाडी नाही.
तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय
ते मला तिथं नीट कळलं.

शंभर पावलांवर विटांची घुमटी होती,
गुडघाभर उंचीची,
आणि तिच्याभोवती बाटल्याच बाटल्या,
काचेच्या, प्लॅस्टिकच्या, बुचं लावलेल्या, भरलेल्या.

तिची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असते.
नवऱ्याला शोधत वाळवंटात निघालेली बाई,
तहानेनं मेली.
खेचरवाल्यांना सापडली तेव्हा
छातीशी तान्हं होतं, जिवंत, दूध पीत.
तेव्हापासून येणारे-जाणारे तिला पाणी ठेवतात.

एलादिओ, जो चर्चमध्ये आमच्या लग्नापुरता गेला,
तो टोपी काढून उभा राहिला.
"मेलेल्या बाईचं पाणी उचलायचं?"
नोएमी तेव्हा माझ्या पदरात, चुरूचुरू पीत होती,
घामानं तिचा गाल मला चिकटलेला.
"उचल," मी म्हटलं.
"तिला एक होतं. मला चार आहेत. ती हिशेब घालणार नाही."

तीन बाटल्या रेडिएटरला, दोन पोरांना.
पाणी कोमट, शेवाळी वासाचं.
कुणी तक्रार केली नाही, आख्ख्या प्रवासात तेवढीच वेळ.
ग्रिसेल्दानं वहीत लिहिलं:
पाच घेतल्या. द्यायच्या आहेत.

समुद्राबद्दल फार सांगण्यासारखं नाही.
छत्री पहिल्याच दुपारी उडाली.
दामिआनचा एक बूट गेला.
उलिसेस लाटा मोजायला बसला तो अंधार पडेपर्यंत,
आणि आकडा विचारला तर म्हणाला, अजून चालू आहेत.

परतताना पाच बाटल्या भरून घेतल्या, लॉजच्या नळाच्या.
घुमटीशी एलादिओनं त्या ओळीत मांडल्या,
लेबलं समोर करून, किराणा दुकानात असावं तशी.
मग दामिआन उतरला, एका पायात बूट,
आणि सहावी ठेवली.
सबंध रस्ता गुडघ्यांत धरून बसला होता ती,
कुणाला हात लावू दिला नव्हता.
आत गढूळ पाणी, बोटभर वाळू, खेकड्याची तंगडी.

"वेड्या, खारट आहे," उलिसेस म्हणाला,
"तिला पिता नाही यायचं."
"प्यायला नाहीच्चे," दामिआन म्हणाला. "बघायला आहे."

एलादिओ बॉनेट उघडून
उगीच काहीतरी तपासत राहिला.
नोएमी रडायला लागली.
दोनशे किलोमीटर बाकी होते,
आणि मागे, खिडकी कुणाची यावरून,
पुन्हा सुरू झालं होतं.