मानस

बांबोळीच्या लॅबमध्ये, यंत्राच्या थंडीत,
मी दिवसभर काटे मोजते.
काचेवर उंदराच्या मेंदूचा पापुद्रा,
चांदीनं काळवंडलेली एकच फांदी,
आणि तिच्यावर... बाभळीचे नव्हेत,
हे टोचत नाहीत.
ओहोटीला चोडणच्या चिखलातून
तिवराची श्वासमुळं वर येतात ना, तसे.
काही किडकिडीत, चाचपडणारे.
काही बुटके.
काही वारुळावरच्या अळंब्यांसारखे,
बारीक मान, वर गोल डोकं.

किडकिडीत काटा म्हणजे नुसतं विचारणं.
उत्तर येत राहिलं तर त्याचं डोकं भरतं,
आतले अ‍ॅक्टिनचे धागे सुटून पुन्हा विणले जातात.
नाही आलं
तर फांदी त्याला आत ओढून घेते,
मागे खूणही राहत नाही.

आज दहा मायक्रॉनमध्ये तेरा.
हा उंदीर फटीतून एका पंजानं
दाणा काढायला शिकला होता.
न शिकलेल्याचे नऊ.
वहीत लिहिते, तारीख घालते,
रायबंदरची सव्वासहाची फेरीबोट पकडते.

दुल्बामामानं तीस वर्षं खाजनाची मानस सांभाळली.
भरतीला दारं लागली का, ओहोटीला पाणी सुटलं का,
झोपेतून सांगायचा, वासावरून.
गेल्या चवथीनंतर त्याचा उजवा हात गेला
आणि मानशीचं नाव गेलं.
'तें... तें... दार,' म्हणतो,
आणि भिंतीकडे तोंड करतो.

त्याला कसं सांगू,
काट्याची मानही मानसच असते.
डोक्यात शिरलेलं कॅल्शियम तिथंच अडतं,
शेजारच्या शेतात सहसा उतरत नाही,
म्हणून एकेक काटा आपापलं वेगळं शिकतो.
मामा विचारेल, मग बांध कोण बघतं?
मला ठाऊक नाही.

त्याच्या डोक्यातलं मला काहीच दिसत नाही.
मी मोजते ते सगळं थांबलेलं असतं.
तो डाव्या हातानं सुंभाची गाठ मारत बसतो,
जाळ्याची, पूर्वी न बघता मारायचा ती.
आज बेचाळिसावी सुटली.
त्रेचाळिसावी जराशी थांबली, मग सुटली.
'जराशी'साठी माझ्या वहीत रकाना नाही.

मामी पेज घेऊन येते, निवत ठेवते.
बाहेर पाणी चढत असतं.
लांब कुठंतरी लाकडावर लाकूड आपटतं
आणि मामा मान वर करून,
आमच्यापैकी कुणालाच नव्हे, म्हणतो,
'लागलीं.'