दाब ठीक

पहाटे तीन चाळीसला मी शहराचं पाणी सोडतो.
छातीएवढी लोखंडी चावी, बावीस आटे,
आणि जमिनीखाली कुणीतरी घसा खाकरल्यासारखं
पाणी राजारामपुरीच्या गल्ल्यांकडं निघतं.

नोकरी महापालिकेची. घर ग्रामपंचायतीत.
मधे डांबरी रस्ता, त्याच्या कडेला हद्दीचा दगड.
वरची अक्षरं निम्मी गेलीत,
म्हैस अंग घासते तिथं.
अक्काताईनं, म्हणजे माझ्या बायकोनं,
त्याला आधी दावं बांधलं, मग नाव ठेवलं : पाव्हणा.
"पाव्हण्याला च्या द्यावा," म्हणते,
"सातबारा दाखवू नये."
ती वॉर्ड तीनची मेंबर.

तिचं दूध सहाला शहरात जातं.
पोरगी आठला, केएमटीनं.
बसच्या पाटीवर गावाचं नाव आहे, बजेटात नाही.
शहराचं सांडपाणी ओढ्यानं आमच्या उसाला येतं,
अर्ज न करता.
पोरीला स्थळ आलं, तेव्हा फोनवर
अक्काताईच म्हणाली, आम्ही कोल्हापूरचेच की.

माझ्या बाला शहरानं पंचगंगेकाठी फुकट जाळलं.
कुठल्या हद्दीतला, कुणी विचारलं नाही.
त्या होळीला आम्ही ट्रॉलीभर शेणी स्मशानाला पाठवल्या,
पावती घेतली नाही.
हिशेब म्हणावा असा तेवढाच.

मग हद्दवाढीचा कागद आला.
गाव बंद. चावडीपुढं काळं निशाण.
सरपंच रंगराव घसा ताणून :
"आज घरफाळा, उद्या आरक्षण!
तुमच्या उसात त्यांची बाग उगवंल,
आत जायला तिकीट काढशीला!"
मागून शिकलगारांचा पोरगा हळूच :
"पर नळाला पाणी तरी रोज येईल न्हवं?"
सगळे माझ्याकडं बघायला लागले,
जसा काय मी पाणी खिशात घेऊन बसलोय.

विरोधातले हात वर करा.
पहिला हात अक्काताईचा, बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.
माझा, खाकी बाहीतला, निघाला
आणि कानापाशी थांबला.
ग्रामसेवक पेन धरून : "हा वर धरायचा का खाली?"
ती मागं न वळताच बोलली,
"खांदा दुखतोय त्यांचा. तसंच लिवा."

आठवड्यानं मोजणीवाले मुल्लाणी आले,
तिपाई, यंत्र, गळ्यात रुमाल.
दगड सापडेना. वर कडबा रचलेला,
शेजारी म्हैस, आणि म्हशीशेजारी अक्काताई.
तिनं साय घातलेला चहा दिला.
पिऊन त्यांनी नकाशा मांडीवर पसरला :
"वहिनी, ही रेघ कागदावर अर्धा मिलिमीटर.
जमिनीवर उतरवली की पंचवीस फूट रुंद होते.
तुमचं घर आत नाही, बाहेर नाही.
रेघेतच आहे."
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "आणि गोठा?"

कागद परत वर गेला, म्हणतात. कुठं वर, कुणास ठाऊक.
निशाण फाटून चावडीच्या तारेत अडकलंय.

आम्ही दोघं अजून एकाच वेळी उठतो.
मी चावी खांद्यावर टाकतो, ती चरवी उचलते.
अंधारात ती डावीकडं, मी उजवीकडं,
कोण कुठं चाललंय हे सांगायची वेळ नसते.
बावीस आटे.
पाणी माझ्या पायाखालून, आमच्या दारावरनं शहरात जातं.
आमचा नळ तिसऱ्या दिवशी.

फक्त त्या दगडाच्या बुडाशी जोड सैल झालाय.
गळती. दोन वर्षं नोंदवायची आहे.
पराती एवढं डबकं साचतं, स्वच्छ,
धार काढून झाली की म्हैस तिथं तोंड घालते,
सावकाश, डोळे मिटून,
शहराचं पाणी पिते.

सहाला सायकलला कॅन लागतात.
मी वहीत लिहितो : दाब ठीक.